देवराईत नेऊन काय शिकवणार म्हणे!

पालकांच्या ग्रुपवर परत तो मेसेज आलाय. मुलांना शेतात, देवराईत (देवाच्या नावाने राखलेल्या रानात), कुंभाराकडे नेणं हे परदेशी फॅड आहे, त्यात अभ्यास बुडतो, संस्कृतीच्या नावाखाली अंधश्रद्धा शिकवतात, आणि डोकं चालवायला शिकवायचंच तर कोडिंग शिकवा. चाळीस जणांनी अंगठे दिलेत खाली.

परदेशी फॅड? अहो, बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी कोसबाडला आदिवासी पोरांसाठी कुरणशाळा चालवली, पोरं गुरं राखायला जायची, शाळेत येणार कधी, मग शाळाच कुरणात गेली. कोसबाडच्या आधी बोर्डीला त्यांनी काम सुरू केलं ते 1945 साली.

अभ्यास बुडतो म्हणता, तर 2020 च्या शैक्षणिक धोरणातच सहावी ते आठवीच्या मुलांना 10 दिवस बिनदप्तराचे दिलेत, सुतार-माळी-कुंभारांकडे शिकायला. हां, बसमधून नेलं, फोटो काढले, वडापाव खाऊन परत आणलं तर तो टाइमपासच, तिथे मी तुमच्या बाजूने.

कोडिंग शिकवा की, कोण नको म्हणतंय.

आता अंधश्रद्धा. "देवराईतली काडी तोडली तर देव कोपतो" हे नुसतं पाठ करून घेतलं तर तुमचं म्हणणं खरंय. पण पोरांना सांगा की आतली माती उकरा, बाहेरच्या माळावरची उकरा, ओल कुठे लागते बघा, आणि झरा मे महिन्यात वाहतो का ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून या. सत्तरच्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतीशास्त्रज्ञ वर्तक देवरायांचा अभ्यास करत होते, तेव्हा श्रीवर्धनकडच्या गाणी गावच्या लोकांनी त्यांच्याकडे धाव घेतली होती की आमची देवराई तोडण्यापासून वाचवा, आणि कारण काय दिलं, तर गावचा ओढा तिथून निघतो. म्हणजे देवाचं नाव घेणाऱ्या माणसांना पाण्याचा हिशोब पक्का ठाऊक होता ना!

आमची पोरगी सातवीत. मागच्या वर्षी शाळेबरोबर देवराईत गेली आणि गुरवकाकांना विचारून बसली, झाड तोडलं की देव कोपतो तर हा सभामंडप बांधताना झाडं तोडली तेव्हा कसा नाही कोपला? काका म्हणाले, तेव्हा कौल लावला होता बाळा, देवाने उजवा दिला.

ही लगेच, "पण काका, कौल लावला कोणी? तुम्हीच ना?"