पगारवाढ मागायचीय? आधी हसायला शिका, सिस्टर

सगळ्यात आधी वेळ साधा. नाईट संपवून, हँडओव्हर देऊन थेट जायचं, डोळे तांबारलेले, अकरा नंबरचं बीपी हाताच्या मागच्या बाजूला पेनाने लिहिलेलं ते अजून पुसलेलं नाही, अशा अवतारात. एचआरवाले सर बसा म्हणणार नाहीत. बसूही नका, बारा तास उभं राहायची सवय आहेच की.

"पगार" हा शब्द तोंडातून काढायचा नाही, फार व्यवहारी वाटतो. आपली ती सेवा, आणि सेवेला कुठे रेटकार्ड असतं? (पेशंटच्या बिलात रोज नर्सिंग चार्जेस लागतात ते वेगळं, तो हिशोब आपल्याला कळायचा नाही, आपण फक्त नर्सिंग करतो.)

अभ्यास करून जायची हौस असेल तर जा बापडे. सुप्रीम कोर्टाने 2016 ला सांगितलं म्हणून केंद्राने कमिटी नेमली, आणि कमिटी म्हणाली की खासगी हॉस्पिटलात 200 च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्या, 100 च्या वर असतील तर फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 ला 25 टक्के कमी, आणि अगदी 50 च्या आतलं बारकं हॉस्पिटल असलं तरी 20 हजारांच्या खाली नको. हे घडाघडा म्हणून दाखवा. गंमत बघा, हायवेवरच्या बोर्डावर आपल्या हॉस्पिटलच्या खाटा 120 असतात, तुम्ही तोंड उघडलंत की त्या 48 होतात. बाकीच्या 72 कुठे गेल्या विचारू नका, काल रात्री त्यातल्या निम्म्या तुम्हीच सांभाळल्यात. आणि 48 ला पण 20 हजार बसतातच ना सर, असं म्हणालात की सर गोड हसून म्हणतील, "सिस्टर, ती शिफारस आहे हो, कायदा थोडाच आहे."

इथे तुम्हीही हसायचं. ओरिजिनल सर्टिफिकेटं नोकरी मध्येच न सोडण्याच्या बॉण्डपायी त्यांच्याच कपाटात आहेत, हसू आपोआप येतं.

तरी जीव जळत असेल तर आपला मान आठवा. 22 मार्च 2020 ला अख्ख्या देशाने आपल्यासाठी थाळ्या वाजवल्या, 3 मेला हेलिकॉप्टरमधून हॉस्पिटलांवर फुलं टाकली. महिनाअखेरीला वाण्याला हेच सांगून बघा, उधारी माफ करतो का ते मलाही कळवा.

शेवटी 12 मेला, नर्सेस डेला, केक येईल, सर स्वतः कापतील, फोटो होतील आणि पाचशे रुपये वाढल्याचं जाहीर होईल. टाळ्या जोरात वाजवा. त्या पाचशेत, जर्मनीत नर्सची नोकरी धरायची म्हणून लावायच्या जर्मनच्या क्लासची फी बसत नाही, पण वही-पेन येतं. पेशंट झोपले की काउंटरवर डेअर, डी, डास पाठ करत बसायचं, आणि इनचार्ज मॅडमनी विचारलंच तर सांगायचं, नवीन अँटिबायोटिक आलेत, नावं घोकतेय.