गोव्याच्या खर्चात तीन देश? सांगलीहून निघून दाखवा

मुलांच्या परीक्षा संपत आल्या की भिशीच्या, सोसायटीच्या आणि माहेरच्या अशा तिन्ही ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो पहिल्यांदा धाकट्या भाऊजींनी टाकला. मजकूर थोडक्यात असा: ‘गोव्याच्या खर्चात तीन देश! थायलंड, मलेशिया, सिंगापूर. चौघांचं कुटुंब, नऊ दिवस, सगळं मिळून १ लाख १० हजार. कुठेच व्हिसा नको. मुलांचं तिकीट अर्धं. तिकडे बारा महिने हवा सारखीच. जेवण आपल्यासारखंच भात-भाजी. पॅकेज घेणारे मूर्ख.’

आम्ही २०२५च्या दिवाळीत जाऊन आलोय. मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सांगलीच्या विश्रामबागेतून निघालो, नऊ रात्री राहिलो, देश दोनच केले, थायलंड आणि मलेशिया. वहीत शेवटचा आकडा २ लाख ८३ हजार आहे. त्या वहीच्या जोरावर एकेक वाक्य घेते. मेसेज निव्वळ थाप नाही, हे आधीच सांगते. मुंबईत राहणारा, पाठीवर एकच पिशवी असलेला एकटा पोरगा माणशी पडणाऱ्या साडेसत्तावीस हजारांत हे जवळपास जमवेल. लिहिणाऱ्याने त्या पोराला चारने गुणलं आणि कुटुंब झालं असं धरलं.

‘कुठेच व्हिसा नको.’ तीनपैकी दोन देशांपुरतं २०२५मध्ये तरी ठीक होतं. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांची व्हिसामाफी दिली आणि ती २०२६ अखेरपर्यंत वाढवली. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये माफी सुरू केली. आम्ही गेलो तेव्हा ६० दिवस राहता येत होतं. पण या दोन्ही सवलती त्या त्या सरकारच्या मर्जीच्या आहेत, तेव्हा तिकीट काढायच्या दिवशी पुन्हा बघायचं. मेसेज मात्र वर्षानुवर्षं तोच फिरत राहतो.

सिंगापूरला आपल्याला व्हिसा लागतो, आणि तो इथून अधिकृत एजंटामार्फत करावा लागतो. फी माणशी ३० सिंगापूर डॉलर, नाकारला तरी परत नाही. आमच्या पाच जणांचे झाले असते १५० डॉलर, म्हणजे दहा हजारांच्या वर, एजंटाचे वेगळे. आणि हे सगळं कशासाठी, तर दीड दिवसासाठी! जिथे खोलीचं भाडं या तिन्ही देशांत सगळ्यात जास्त, तिथेच. मी सिंगापूर पहिल्याच बैठकीत कापलं. मुलगा आठवडाभर बोलला नाही. (भाऊजींसाठी खास: सिंगापुरात गुटखा, खैनी, चघळायचा कसलाही तंबाखू न्यायलाच बंदी आहे. खिशातली पुडी मिरजेतच सोडावी लागेल.)

काहीजण म्हणतात, सिंगापूर नको तर बाली घाला, तिथे विमानतळावरच व्हिसा मिळतो. मिळतो, पण फुकट नाही. माणशी ५ लाख इंडोनेशियन रुपिया, लहान मुलालाही तेवढेच. शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून बालीचा पर्यटन कर, माणशी दीड लाख रुपिया. चौघांचे २६ लाख! दचकू नका, आपले तेरा-चौदा हजार होतात. पण ते दारातच जातात, आणि मेसेजात त्यांना ओळही नाही.

व्हिसा नसला म्हणजे कागदच नाहीत असंही नाही. तिन्ही देशांचं आगमनाचं ऑनलाइन कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं. थायलंडने ते १ मे २०२५ पासून सक्तीचं केलं. तिन्ही कार्डं फुकट आहेत, हे ठळक लिहून घ्या, कारण हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या साइट त्याचेच पैसे उकळतात. पासपोर्ट परतीनंतरही सहा महिने तरी चालणारा हवा. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, तो कधी संपतो ते घरात कुणाच्या लक्षात नसतं. आमच्या मुलाचा संपत आला होता. ते तिकिटाच्या पैशांआधी कळलं, एवढंच नशीब.

‘मुलांचं तिकीट अर्धं.’ एसटीत. विमानात दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर बसतं, त्याचं कमी लागतं. दुसरं वर्ष पूर्ण झालं की सीट आली, आणि स्वस्त कंपन्यांत सीट म्हणजे जवळपास पूर्ण भाडं. आमच्या चार वर्षांच्या बाईसाहेबांनी जाता-येता झोपा काढल्या, त्याचे पैसे नवऱ्याइतकेच पडले. पाच जणांचं मुंबई-बँकॉक आणि क्वालालंपूर-मुंबई मिळून १ लाख ३६ हजार. म्हणजे मेसेजातलं अख्खं बजेट विमानातच संपलं, वर २६ हजारांची उधारी.

जाताना एका शहरात उतरून येताना दुसऱ्यातून निघायचं, हे मात्र जरूर करा. परत बँकॉकला यायचा एक दिवस आणि पाच तिकिटं वाचतात.

स्वस्त तिकिटात सामान धरलेलं नसतं, हातातलं ७ किलो एवढंच. चेक-इनचं सामान आधी विकत घेतलं तर परवडतं, काउंटरवर गेलात की कापतात. हे मला माहीत होतं. तरी दोन किलो भडंग आणि मेतकुटाचा डबा ऐनवेळी बॅगेत गेला. त्या भडंगाला जे भाडं पडलं, त्यात बँकॉकमध्ये पाच जणांचं जेवण झालं असतं. भडंग उत्तम होतं, तो भाग वेगळा.

‘बारा महिने हवा सारखीच.’ हे वाक्य सगळ्यात महाग पडू शकतं. उष्णकटिबंधात थंडी नसते हे खरं, पण पाऊस असतो आणि तो सगळीकडे एकाच वेळी येत नाही. फुकेत आणि क्राबी ही थायलंडची अंदमान समुद्राकडची बाजू. आपला मान्सून तोच त्यांचा, मे ते ऑक्टोबर. सिमिलान बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच ठेवतात. फोटोत सगळे टाकतात ती माया बे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बंद. उलट पलीकडच्या आखातातलं को सामुई ऑक्टोबर ते डिसेंबर भिजतं. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरची पेरहेंतियन, रेदांग ही बेटं नोव्हेंबर ते फेब्रुवारी जवळपास मिटलेली असतात, आणि मे महिन्यात तिथला समुद्र काचेसारखा. बाली एप्रिल ते ऑक्टोबर कोरडं.

म्हणजे आपल्या शाळांच्या हिशेबाने पाहिलं तर मेच्या सुट्टीत फुकेत स्वस्त दिसतं, कारण तिथे पाऊस सुरू होत असतो. त्याच पैशात मलेशियाचा पूर्व किनारा किंवा को सामुई गाठलं तर समुद्रात उतरता येईल. दिवाळीत उलटा हिशेब, अंदमानची बाजू तेव्हा उघडू लागलेली असते. या दोन सुट्ट्यांत एकाच सहलीत फुकेतही आणि सामुईही घालणाऱ्याला एक समुद्र तरी गढूळ मिळणारच.

पावसाची थट्टा करू नये हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला किती फूट पाणी, एवढं एकच विचारत आपण २०१९चा ऑगस्ट काढला. बँकॉकहून मलेशियाकडे जाणारी आमची रात्रीची गाडी सकाळी दक्षिण थायलंडमधल्या हात याई स्टेशनात थांबली होती. सासूबाईंनी खिडकीतून केळी घेतली. महिनाभराने, नोव्हेंबर २०२५च्या शेवटी, तेच शहर पाण्याखाली गेलेलं टीव्हीवर पाहिलं. सहलीला आलेले लोक हॉटेलांच्या वरच्या मजल्यांवर अडकले होते. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘त्या केळीवालीचं काय झालं असेल गं?’

‘नऊ दिवसांत तीन देश.’ नकाशावर जवळ दिसतात. पण देश बदलायचा म्हणजे सकाळी खोली सोडणं, बॅगा, विमानतळ, रांग, पुन्हा टॅक्सी, खोली तयार नाही म्हणून लॉबीत बसणं. मूल आणि म्हातारं माणूस बरोबर असेल तर दिवस गेलाच. बँकॉकला विमानतळही दोन आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. उतरायचं एकावर आणि पुढची स्वस्त फ्लाइट दुसऱ्यावरून, असं तिकीट काढून बसणारे कमी नाहीत.

आम्ही म्हणूनच सीमा रेल्वेने ओलांडली. बँकॉकहून रात्रीची स्लीपर गाडी पादांग बेसारला जाते. खालचा बर्थ वरच्यापेक्षा रुंद आणि थोडा महाग असतो, सासूबाईंना आणि मुलीला तो घेतला. महालक्ष्मीने मुंबईला जाणाऱ्या माणसाला यात नवं काही नाही, गादी मात्र बरी. एका रात्रीचं हॉटेल वाचलं. पादांग बेसारला दोन्ही देशांचे शिक्के एकाच स्टेशनात बसतात. गोंधळ झाला तो घड्याळाचा. मलेशिया थायलंडच्या एक तास पुढे, आणि आम्ही आरामात चहा पीत बसलेलो. बटरवर्थची गाडी धावत पकडली. तिथून फेरीने पेनांग.

‘जेवण आपल्यासारखंच.’ भात आहे, भाजीही आहे, पण भाजीत फिश सॉस आहे. मलेशियात त्याच जागी कोळंबीची पेस्ट, बेलाचान. ‘नो मीट’ म्हटलं की मान डोलावतात आणि फिश सॉस घालतात. त्यांच्या दृष्टीने ते मीट नसतंच. थायलंडमध्ये म्हणायचा शब्द ‘जे’. पिवळ्या निशाणावर लाल अक्षर असलेली खाण्याची गाडी दिसली की बिनधास्त बसायचं. मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, अमावास्येनंतरचे नऊ दिवस, तिकडे या जेवणाचा उत्सवच असतो. कधी तो आपल्या नवरात्रात येतो, कधी दिवाळीला लागून. आम्हाला तो लागून आला. बँकॉकच्या चायनाटाउनमध्ये गल्लीभर पिवळी निशाणं होती आणि एकादशीला उपास मोडेल म्हणून धास्तावलेल्या सासूबाई रोज नवा पदार्थ दाखवून ‘हे घे’ म्हणत होत्या. पेनांगला केळीच्या पानावर भात-सांबार आणि रोटी चनाय मिळाली. त्यामुळे मेतकुटाचा डबा अर्धा परत आला.

‘पॅकेज घेणारे मूर्ख.’ नाहीत. पहिल्यांदाच परदेशी निघालेलं साठीपुढचं जोडपं असेल तर मी स्वतः पॅकेज घ्या म्हणेन. फक्त जाहिरातीतल्या आकड्यावर जीएसटी आणि टीसीएस (पॅकेज विकणारा आगाऊ घेतो तो आयकर) किती, ते आधी विचारा. टीसीएस आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण आज खिशातून जातो, आणि बरेच जण नंतर मागायचंच विसरतात. स्वतः केलं तर तो तिकिटा-खोल्यांवर असा लागत नाही, पण कार्ड घासलं की परकीय चलनाचा दोन ते साडेतीन टक्के मार्कअप असतोच, वर त्याच्यावर जीएसटी.

उरला ‘गोव्याचा खर्च’. गोव्याला आपण सकाळी गाडीत बसतो आणि दुपारी पणजीत जेवतो. मेसेजातली सहल मुंबई विमानतळावर सुरू होते. सांगलीहून तिथवर पाच माणसं, चार बॅगा, आणि परत येताना पहाटे उतरून केलेली गाडी, यांचेच १४ हजार लागले. दोन खोल्यांचं आठ रात्रींचं भाडं ४६ हजार, शिवाय मलेशियात परदेशी पाहुण्याला खोलीमागे रोज १० रिंगिट पर्यटन कर, तो हॉटेलात रोख मागितला. फुकटातल्या गोष्टी मात्र खरंच चांगल्या निघाल्या. क्वालालंपूरजवळच्या बाटू केव्हजचं मोठं देऊळ फुकट आहे. मुरुगनची मूर्ती ४२.७ मीटर उंच, पायऱ्या २७२. सासूबाई खाली कबुतरांना दाणे घालत बसल्या, आणि मुलगी चाळिसाव्या पायरीवर बसून राहिली. पुढच्या २३२ तिच्या बापाने तिला कडेवर घेऊन चढल्या.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. भाऊजींनी अंगठा दिला आणि वन्संनी खासगीत विचारलं, ‘मेमध्ये पेरहेंतियनला दोघांचे किती होतील?’ त्यांचा पासपोर्ट ऑगस्टमध्ये संपतो. आधी पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राची तारीख घ्यायला सांगितलीय.