नऊ सेंटीमीटर

माझी उंची १६५ सेंटीमीटर. म्हणजे गेल्या मंगळवारपर्यंत होती. आता १५६ आहे.

कंपनीचं वार्षिक मेडिकल. यंदापासून कागद बंद, सगळं ॲपवर. क्यूआर स्कॅन करा, ओटीपी द्या, टोकन घ्या आणि मग व्हॅनसमोर उन्हात रांग लावा. रांग तेवढी अजून डिजिटल व्हायची आहे.

टॅबवाल्या पोरानं पट्टी बघितली, "पासष्ट" असं मोठ्यानं म्हटलं आणि टाइप केलं ५६. पोराचा दोष नाही. 'पासष्ट' म्हणताना आपण पाच आधी म्हणतो, साठ नंतर. त्याच्या बोटांनी मराठीचा मान राखला. वजन ७२. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २९.६. टॅब लालेलाल.

"अहो, आकडे उलटे पडलेत."

"सबमिट झालं ना सर."

"मग एडिट करा."

"उंचीला एडिट नाही. मोठ्या माणसाची उंची बदलत नाही म्हणून लॉक केलीय."

"तेच सांगतोय, बदललेली नाही!"

तो विचारात पडला. "वजनाला एडिट आहे सर. पंचावन्न टाकू? हिरवं येतं."

सतरा किलो. उभ्या उभ्या. ज्यासाठी घरात दोन वर्षं माझ्या पानात भात मोजून पडतोय, ते एका बोटावर.

"घ्या की साहेब, पोरगं मनानं देतंय!" मागून प्रेस शॉपचे, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या यंत्रांच्या खात्याचे, मामा ओरडले. मामा ओरडूनच बोलतात. "माझे बी धा कमी कर रे!"

अख्खी रांग हसली. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. वर त्या पोरानं समजावलं, "टेन्शन घेऊ नका सर, कॉम्प्युटर काढतो ना, चुकत नाही." हे बीएमआयचं गणित मुळात काढलं ते एकोणिसाव्या शतकात अडॉल्फ केटले या बेल्जियन माणसानं. तो डॉक्टर नव्हता, गणित आणि ग्रहताऱ्यांतला माणूस. तरी माणसाची उंची आधी नीट मोजावी, एवढं त्याला कळत असणार.

मग मामांची कानाची तपासणी. हेडफोन लावायचा, 'पीं' ऐकू आलं की बटण दाबायचं. जागा? त्याच व्हॅनमध्ये, दार उघडं, बाहेर जनरेटर धडधडतोय. मामा डोळे वटारून पोराच्या हाताकडे बघत होते आणि बरोब्बर दाबत होते. टॅब हिरवागार. फिट.

"ऐकू आलं का हो?" मी विचारलं.

"आँ?"

पुन्हा ओरडून विचारलं. "छ्या! त्याचं बोट हाललं की दाबायचं. बावीस वर्षं प्रेसवर काढली, आता पीं कुठलं ऐकू येतंय!"

आवाजाची मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल, असं त्याच शॉपच्या भिंतीवर लिहिलंय. पाटी स्वच्छ आहे, रोज पुसतात. पण आहाराचं समुपदेशन मला, आणि मामांना वर्षभर कोणी विचारणार नाही. एचआरला सांगितलं, तर "ॲपमध्ये तिकीट टाका." टाकलं. चौथ्या मिनिटाला उत्तर: 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.' उंची अजून १५६.

आज सकाळी ॲपनं विचारलं, 'आज कसं वाटतंय?' खाली पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. मी हसरा दाबला. बाकीचे चार दाबले की फॉर्म उघडतो, आणि त्यात पहिलाच रकाना उंचीचा आहे.