व्हेंट पाइपातला बोळा आधी काढा

‘सोलर वॉटर हीटरमध्ये उष्णता साठतच नाही. ऊन गेलं की खेळ खलास. सकाळचं गरम पाणी आतली कॉइल वीज खाऊन देते. टाकीवरचा उघडा पाइप बुजवा, निम्मी उष्णता वाचेल.’ हा मेसेज गावभर फिरतोय. काल रात्री मामाचा फोन आला, तोवर त्यानं गच्चीवर जाऊन त्या पाइपात चिंध्यांचा बोळा कोंबलाही होता.

म्हणून पाइपाचंच आधी. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती टाक्या बिनदाबाच्या असतात आणि त्यांचा श्वास या पाइपातून चालतो. पाणी फार तापलं की वाफ इथूनच बाहेर पडते. खाली नळ सोडले की हवा इथूनच आत येते. वाट बुजवली तर भर एप्रिलच्या दुपारी दाब वाढून टाकीचा सांधा फाटू शकतो, नाहीतर पाणी ओढलं जाताना पत्रा आत चेपू शकतो. दोनशे लिटर कढत पाणी, तेही पोरं जिथं पतंग उडवतात त्या गच्चीवर! आणि वाचणार काय, तर जराशी वाफ. उष्णता धरून ठेवतं ते टाकीभोवतीचं पफचं, म्हणजे फोमचं, आवरण. लिहिणाऱ्यानं टाकी आतून कधी पाहिली तरी आहे का?

आता साठवणीचं. 200 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 वर गेलं की त्यात साधारण 8 युनिट विजेइतकी उष्णता असते. रात्रीत ती थोडी उतरते, संपत नाही. मामाच्या कॉइलचा स्विच दिवाळीपासून बंद आहे, मग त्याचं पाणी पहाटे कोण तापवतं?

‘ऊन गेलं की खलास’ म्हणणाऱ्यांनी स्पेनमधलं सेव्हिलजवळचं जेमासोलर हे सौर वीजकेंद्र पाहावं. तिथं आरसे मनोऱ्यावर ऊन फेकतात, वितळलेले नायट्रेट क्षार 565 अंशांपर्यंत तापतात आणि त्या साठ्यावर उन्हाशिवाय 15 तास वीज बनते. 2013 च्या उन्हाळ्यात ते सलग 36 दिवस अहोरात्र चाललं. आपल्याला तर फक्त सकाळच्या आंघोळीपर्यंत पाणी गरम हवंय.

हां, पावसाची झड लागली की दोन-तीन दिवसांत पाणी कोमट होतं आणि कॉइल लावावी लागते, हे मान्य. बोअरच्या जड पाण्यानं नळ्यांत क्षार बसतात, हेही खरं. पण त्यावर बोळा हा उपाय नव्हे.

मामा बॅटरी घेऊन पुन्हा गच्चीवर गेला. मोकळ्या पाइपाचा फोटो आला, तेव्हा कुठे मी झोपले.