ओटीपी आला का बाई?

गोरगरिबांच्या आरोग्यासाठी अ‍ॅप काढायचं तुमच्या मनात आहे, हे ऐकून फार बरं वाटलं. आजवर या कामात लोकांनी डॉक्टर, औषधं, रस्ते असल्या गोष्टींमागे उगीच हयात घालवली. रस्त्याचं कसं असतं, पहिल्या पावसात तो वाहून जातो आणि पेपरवाले फोटो काढतात. अ‍ॅप वाहून जात नाही. बंद पडलंच, तर नवीन आवृत्ती येतेय म्हणून सांगता येतं. तेव्हा लागा कामाला. चार अनुभवाच्या गोष्टी सांगतो, गाठीला बांधून ठेवा.

आधी नाव. ते संस्कृत हवं, उद्घाटनाला मंत्र्यांची जीभ अडखळली तरी चालेल. आतला मजकूर मात्र इंग्रजीत ठेवा. याला परंपरा आहे. १ मार्च २०२१ ला पोषण ट्रॅकर, म्हणजे अंगणवाडीतल्या नोंदी भरायचं सरकारी अ‍ॅप, आलं आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल नेऊन परत केले. फोन तापतो, मध्येच अडकतो, अ‍ॅप त्यात मावत नाही, आणि माहिती भरायची ती इंग्रजीत, अशी त्यांची कुरकुर. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. इतकं झाल्यावर मराठी करावी लागली तर करा, पण तिथंच थांबा. धारणीकडे घरात कोरकू बोलतात, भामरागडला माडिया, धडगावला पावरी, हे एकदा डोक्यात घेतलंत की बजेट बोंबललंच म्हणून समजा.

चाचणी घ्यावी लागते. ती हिंजवडीत घ्या. वायफायवर, एसीत, तुमच्याच ऑफिसातल्या पोरांवर. बोटाला लावायच्या त्या ऑक्सिमीटरचंच बघा ना. करोनात घरोघरी पोचला, आणि डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी छापलं, की धोकादायक पातळीला उतरलेला ऑक्सिजन या यंत्राच्या नजरेतून काळ्या रुग्णांमध्ये गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा निसटतो. यंत्र बाजारात येऊन तेव्हा कित्येक दशकं झाली होती. कुणाचं काही अडलं होतं का? अडलं असेल, पण ते सांगायला बैठकीला आले नसतील.

आता मुख्य काम, ओळख पटवणं. समोरचा गरीब हा तोच गरीब आहे याची खात्री झाल्याशिवाय त्याच्या हातावर काही ठेवू नये. १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार, म्हणजे टीएचआरचं पाकीट, चेहरा जुळल्याशिवाय द्यायचं नाही असा नियम झाला. त्याची गोडी कळायची असेल तर मेळघाटातल्या एखाद्या अंगणवाडीत भर पावसाळ्यात मनानं तरी जाऊन बसा.

पत्र्यावर पाऊस कोसळतोय. आढ्याला वजनकाट्याची झोळी लोंबतेय. भिंतीला टेकून सात महिन्यांची गरोदर बाई बसलीय, कडेला दोन वर्षांचं पोर. पाकीट सेविकेच्या मांडीशी, हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावर. सेविका या बाईला लहानपणापासून ओळखते. तिच्या लग्नात जेवलीय, पहिल्या बाळंतपणाला रात्री जीपमध्ये तिचं डोकं मांडीवर घेऊन दवाखान्यापर्यंत गेलीय. पण सेविकेनं ओळखून भागत नाही, फोननं ओळखायला हवं.

"पदर मागं घे. दाराकडं तोंड कर, उजेड येऊ दे. हां, आता डोळे मिचकाव."

बाई मिचकावते. पोराला वाटतं खेळ चाललाय, तेही मिचकावतं. स्क्रीनवर गोल फिरत राहतं. मग उत्तर येतं, चेहरा जुळत नाही. जुळणार कसा? नोंदणीच्या वेळचा फोटो आणि आजचं तोंड यांत फरक पडलाय, तोंड सुजलंय. सातव्या महिन्यात तोंडावर सूज दिसली, तर जुन्या वळणाची नर्सबाई आधी रक्तदाबाचा पट्टा काढते. तुमचं अ‍ॅप तसलं काही करत नाही. ते नम्रपणे म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.

खचून जाऊ नका, ओटीपी आहे ना. त्याच्याकडे येतोच.

नोंदणी ऑनलाइनच ठेवा, हे सांगायला नकोच. मे २०२१ आठवा. अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांनी लस घ्यायची तर आधी कोविन या सरकारी पोर्टलवर वेळ मिळवायची, असा दंडक होता. झालं काय, तर शहरात जागा मिळेना म्हणून मुंबई-ठाण्याची चपळ बोटं शहापूर-पालघरकडच्या केंद्रांवर पोचली. सकाळी गावच्या आरोग्य केंद्रासमोर गाड्यांची रांग, आणि गावकरी कुंपणाबाहेरून बघतायत की आपल्याकडे आज पाहुणे कोण आले. सुप्रीम कोर्टानं विचारलं, खेड्यातल्या निरक्षर माणसानं कोविनवर नाव घालायचं कसं? कोर्टाला असे बारीकसारीक प्रश्न पडतात. तुम्ही त्या गाड्यांच्या रांगेकडे पर्यटनाला चालना म्हणून बघा.

व्हिडिओवरून डॉक्टर दाखवायची सोयही ठेवा. इथं मात्र मी थोडा अडखळतो. ई-संजीवनी या सरकारी सेवेवर उपकेंद्रातल्या पोरीनं पेशंटशेजारी बसून, त्याची बोली डॉक्टरला समजावून, सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या पोराला मोठ्या दवाखान्यातल्या माणसाशी बोलतं केलं, तर एका दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं वाचतं. यात वाईट काही नाही. पण त्याला शेजारी बसणारी पोरगी लागते, आणि तिला पगार लागतो. म्हणून ते सोडून द्या. ज्याला गरज असेल तो टेकडीवर चढेल, तिथं नेटवर्कच्या दोन दांड्या येतात.

गडचिरोलीचं नाव तर चुकूनही काढू नका. तिथं डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं नव्वदच्या दशकात ३९ गावांत गावातल्याच बायका तयार केल्या. त्या घरी जायच्या, बाळाचं वजन घ्यायच्या, मणी सरकवत श्वास मोजायच्या, न्यूमोनिया ओळखून औषध द्यायच्या. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले, १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. मण्यांना चार्जिंग लागत नव्हतं. ही माहिती गुंतवणूकदारांसमोर येणं बरं नाही. आता आशाताई घरोघर जातातच, फक्त बाळाकडे बघायच्या वेळात त्यांना फोनकडे बघायला लावा, म्हणजे झालं.

आणि डॅशबोर्ड! तो जीव लावून करा, कारण अ‍ॅपचा खरा वापरणारा तिथंच बसतो, जिल्ह्याच्या गावी, चहा घेत. कुपोषण ओळखायला पोराच्या दंडाला गुंडाळायची दंडघेराची पट्टी साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल दाखवते. तो लाल रंग फार वरपर्यंत जाऊ देऊ नये. पोर लाल असलं तरी निभतं, तालुका हिरवा दिसला पाहिजे. वजन भरायचं राहिलं तर सेविकेचा मानधनाबरोबर मिळणारा प्रोत्साहन भत्ता अडकवा, मग बघा आकडे कसे वेळच्या वेळी आणि मनासारखे येतात.

हां, ओटीपी. तो आधारला जोडलेल्या नंबरावर जातो, आणि घरात फोन कुणाकडे असतो हे तुम्हाला ठाऊक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका देशात ३३ टक्के निघाल्या आणि पुरुष ५७ टक्के. आपल्या त्या बाईच्या घरात फोन एकच, तो नवऱ्याजवळ. नवरा परतवाड्याच्या पुढं कुठल्याशा कामावर.

सेविका स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या रिचार्जवर, त्याला लावते. तीनदा कट होतो. चौथ्यांदा लागतो.

"भाऊ, मेसेज आला असेल बघ. सहा आकडे. सांग पटकन."

पलीकडं काँक्रीट मिक्सरची घरघर. मग त्याचा आवाज, जरा सावध.

"सांगणार नाही. बँकवाले म्हणतात, ओटीपी कोणालाच सांगायचा नसतो. तुम्ही कोण बोलता?"

"अरे मी अंगणवाडीतली! तुझी बायको इथं बसलीय समोर."

"सगळे असंच म्हणतात," तो म्हणतो, आणि फोन ठेवतो.