सियोनीतला रशियन रंग आणि मंगेशीचा घुमट

जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, मेडिकलला येऊन चौथं वर्ष, आणि घरच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय, आपली देवळं 'मूळ रूपात' आणायची. पंढरपूरला २०२४ मध्ये गाभाऱ्यातल्या ग्रॅनाइटच्या फरशा काढून जुना दगड मोकळा केला ते बघून बाबा जाम खूश, मलाही पटलं, पण मग काकांनी लिहिलं की आता गोव्यातल्या देवळांचे ते चर्चछाप घुमटपण उतरवा, तिथे मी अडलो.

कारण माझ्या रूमपासून दहा मिनिटांवर सियोनी कॅथेड्रल आहे. बाहेरून पक्कं जॉर्जियन, बोल्निसीचा पिवळसर दगड, वर शंकूसारखं टोकदार शिखर. आत शिरलात की भिंतींवर रशिया! ग्रिगोरी गागारिन नावाच्या रशियन सरदाराने १८५० च्या दशकात रंगवलेलं, गाभाऱ्यापुढची दगडी आडभिंतपण त्याचीच, कारण आधीची लाकडी १७९५ च्या इराणी स्वारीत जळालेली.

हे सगळं प्रेमाने झालं असं नाही हं. रशियाने १८०१ मध्ये देश गिळला, १८११ मध्ये इथल्या चर्चचा स्वतंत्र कारभारच काढून घेतला, तो थेट १९१७ ला परत मिळाला. म्त्सखेता गावातल्या स्वेतित्सखोवेली कॅथेड्रलमध्ये तर झार येणार म्हणून १८३० च्या दशकात जुन्या चित्रांवर चक्क चुना फासला (मंत्री येणार म्हटल्यावर आपल्याकडे रातोरात डिव्हायडर रंगवतात ना, तसं) आणि झार आलाच नाही.

आजही शहरात भिंतीभिंतीवर रशियाला शिव्या आहेत, पण सियोनीत आज्ज्या गागारिनच्याच चित्रांखाली मेणबत्त्या लावतात, ती खरवडा असं मी तरी कुणाकडून ऐकलं नाही. उलट १९८० च्या दशकात पश्चिमेच्या भिंतीवर लेवान त्सुत्सकिरिद्झे या जॉर्जियन चित्रकाराने स्वतःचं काम केलं.

आता गोव्यातलं मंगेशीचं देऊळ घ्या. तिथला देव १५६० मध्ये पोर्तुगीजांच्या धाकाने कुशस्थळीहून प्रियोळला आणला, आणि त्याच देवळात युरोपियन वळणाचा घुमट, काचेची झुंबरं, बाहेर सात मजली दीपस्तंभ. आपल्याच लोकांनी हौसेने बांधलंय की ते! फरशीने जुना दगड झाकला होता, ती काढा, जरूर काढा. घुमटाखाली काय झाकलंय?

हे सगळं टाइप करून टाकलं तर काकांचा एकच प्रश्न, "मग तू तिथे हात जोडतोस का?"

जोडतो. अ‍ॅनाटॉमीच्या पेपरआधी तर दोनदा जोडले होते.