रस्सा चांगला होता

परवा सासरी यात्रेला गेलो होतो, कोरेगाव तालुक्यात, आणि तिथनं आल्यापासनं डोकं नुसतं तापलंय. कुणापुढं तरी ओकल्याशिवाय झोप लागायची नाही.

पहिल्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी बोकड. पहाटे साडेचारला उठलो आम्ही चौघी, कांदा-खोबरं भाजून केसांना धुराचा वास, भाकऱ्या थापून थापून मनगटं गेली, वर पत्रा आणि बाहेर चैत्राचं ऊन. बाराला पहिली पंगत बसली, पुरुषांची. मग पाहुण्यांची, मग पोरांची, मग मुंबईस्नं आलेल्यांची, मग कुणाचे तरी मित्र बुलेटवरनं आले, त्यांना घरात कुणी ओळखत पण नव्हतं, पण बाप्ये ना, बसले. आमचा नंबर लागला सव्वाचारला. पातेल्यात काय तर रस्सा! वरची तर्री पण गेलेली. एक फोड सापडली ती जाऊबाईंनी माझ्या ताटात सरकवली, मी त्यांच्या, असं तीनदा झालं आणि शेवटी सासूबाईंनी उचलून नातवाला दिली. तो दुसऱ्यांदा जेवत होता.

आणि वर शिस्त आम्हालाच. मी डावखुरी. वाढताना डाव आपोआप डाव्या हातात जातो. तर चुलत सासरे, नाना, भर पंगतीत, "सूनबाई, डाव्या हातानं वाढत्यात व्हय?" सगळी पंगत माझ्याकडं बघायला लागली. अहो, जेवताना उजवा हात उष्टा म्हणून तुम्ही स्वतः डाव्या हातानंच आमटी ओतून घेता की, ते चालतं? मग मी उभी राहून वाढताना त्याच हाताला काय विटाळ होतोय?

आग्रहाचं तर बोलायलाच नको. सासऱ्यांना शुगर आहे, दिवसाला दोन गोळ्या. तरी पोळीवर पोळी, "एकानं काय होतंय, घ्या की ओ." नको म्हणलं की वाढणारा रुसतो आणि पानात टाकलं की अन्नाचा अपमान. मग माणसानं करायचं काय, खिशात घालायची पोळी? एका पंगतीत एकाला एक आणि दुसऱ्याला एक वाढायचं नाही, पंक्तिप्रपंच म्हणजे पाप, हेही नानाच सांगतात आणि जावयासाठी पातेल्यात डाव फिरवून फिरवून नळ्या शोधायला लावतात.

एक नियम मात्र मला खरंच आवडतो. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय घास उचलायचा नाही आणि शेवटच्याचं होईपर्यंत पंगतीतनं उठायचं नाही. किती चांगलं आहे हे! फक्त त्या 'सगळ्यां'मध्ये आम्ही मोजलेल्याच नाही. वर ऐकवायचं काय, तर रांधणाऱ्याचं वासानंच पोट भरतं. भरत असेल तर उद्यापासनं तुम्ही चुलीपुढं बसून वास घ्या, आम्ही जेवतो.

राग येतो तो ह्याचा, की हे सगळं आमच्याच जिल्ह्यात. 1924 साली साताऱ्यात कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची पोरं एकत्र रांधायची, एका पंगतीला जेवायची, त्या काळात! पोरांच्या पोटासाठी त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, अंगावरचे दागिने मोडले. नानांच्या सोप्यात अण्णांचा फोटो आहे, जयंतीला हार घालतात. त्याच फोटोखाली पंगत बसली होती, चार पंगती उठल्या, आणि सासूबाई, वय 68, गुडघ्याचं दुखणं, आत चुलीपुढं ताटकळत. तुम्ही पण बसा म्हणायला कुणाची जीभ उचलली नाही. मी म्हणलं, आई, तुम्ही तरी बसून घ्या आधी. तर त्याच माझ्यावर डाफरल्या, "लोकं काय म्हणतील?" कुठली लोकं? ती ढेकर देऊन पारावर झोपली होती की.

परतीला गाडीत डिकीत डबा होता, पाहुण्यांकडं द्यायला म्हणून बाजूला काढलेला, फोडींनी गच्च. आमचे हे गाडी चालवत मजेत म्हणतात, "ह्यावर्षी मटण काय झालं होतं ना!"

मी म्हणलं, मला काय माहीत. रस्सा चांगला होता.